उंदीर, पोटऱ्या आणि काविळीची माळ

उंदीर चावला की माणसं धावत दवाखान्यात येतात. सोबत घरातली चारजणं, अंगठ्याला फडकं गुंडाळलेलं, आणि उंदीर केवढा होता हे सांगताना हाताच्या कोपरापर्यंत माप दाखवलेलं. उंदीर मुतला म्हणून मात्र माझ्या उभ्या नोकरीत एकही माणूस दवाखान्यात आला नाही. येणार तरी कसा? ते कुणाला दिसतच नाही. आणि माझी निम्मी नोकरी त्या न दिसणाऱ्या गोष्टीच्या मागं फिरण्यात गेली.

मी आरोग्य सेवक होतो. राहायला कोल्हापुरात मंगळवार पेठेत, नोकरी बिद्रीच्या पलीकडच्या खेड्यांत. सकाळी मोटरसायकलला डबा अडकवून निघायचं आणि दिवसभर घरं फिरायची. खांद्याच्या पिशवीत सुया, कापूस, काचपट्ट्या, गोळ्या आणि वही. दारात उभं राहून "ताप कुणाला?" म्हणून विचारायचं, ज्याला असेल त्याच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा आणि निघताना दाराशेजारच्या भिंतीवर गेरूनं तारीख लिहायची. वरिष्ठ तपासायला आले की तीच आमची हजेरी. नुकतीच रंगवलेली भिंत असली की बायका म्हणायच्या, "मुजावर भाऊ, तारीख तेवढी मागं परड्याकडच्या दाराला लिवा की!" मी लिहायचोही. सरकारला तारखेशी मतलब, भिंतीशी नाही.

त्या भागात एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला भात. उंदराला यापेक्षा चांगलं गाव कुठं मिळणार? बांध पोखरायला, ऊस कुरतडायला, आणि ऊस तुटून गेला की राहायला घरामागची पिंजराची, म्हणजे भाताच्या पेंढ्याची, गंजी. त्या उंदरांच्या, घुशींच्या मूत्रपिंडात लेप्टो नावाच्या आजाराचे जंतू बिऱ्हाड करून राहतात. उंदराला त्याचं काहीच नसतं. ना ताप, ना सर्दी. तो आपला खातो, पितो, पोरं वाढवतो आणि जाईल तिथं मुततो. ते चिखलात उतरतं, गोठ्यातल्या ओलीत मुरतं. तिथं आपण अनवाणी उभे राहतो आणि टाचेच्या भेगेतून, खरचटलेल्या नडगीतून जंतू आत शिरतात. मग काही दिवसांनी थंडीताप, डोकं ठणकणं, डोळे लालबुंद आणि पोटऱ्या अशा दुखतात की माणसाला उभं राहवत नाही. पहिल्या काही दिवसांत औषध मिळालं तर साध्या गोळ्यांनीही माणूस उठतो. उशीर झाला तर कुणाकुणाचे डोळे पिवळे होतात, लघवी बंद पडते, आणि मग आमच्या हातात फार थोडं उरतं.

म्हणून माझी एक सवय पडली होती. तापाचा माणूस दिसला की मी खाली बसायचो आणि त्याच्या पोटऱ्या दाबून बघायचो. एकदा एक म्हातारी म्हणाली, "आरं, आरं, म्हातारीच्या पाया पडतोयास व्हय? औक्षवंत हो बाबा!" मी म्हटलं, "आज्जी, पाया पडतोय असंच समजा, पण दुखतंय का तेवढं सांगा." तिचं दुखत नव्हतं. आशीर्वाद मात्र मिळाला तो मिळालाच, आणि असे मला पुष्कळ मिळाले. एवढे पाय धरणारा माणूस आमच्या खात्यात दुसरा नसेल.

पावसाळा लागला की चिखलात उतरणाऱ्यांना लेप्टो होऊ नये म्हणून आठवड्याची गोळी वाटायचो. ती गोळी लोक देव्हाऱ्यात, डब्यात, छपराच्या वाशात, कुठंही ठेवायचे, फक्त पोटात सोडून. "पुढच्या वर्साला हुतील की," म्हणायचे. शेवटी मी समोर उभा राहून गिळायला लावायचो आणि "आ करा" म्हणून तोंड बघायचो. एकानं तर एक मेलेला उंदीर पिशवीत घालून आरोग्य केंद्रात आणला आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. "मॅडम, ह्यो आमच्या शेतातला. तपासा आणि सांगा कायबी दोष हाय काय. मुजावर उगंच बदनामी करत्यात." मॅडम खुर्चीसकट मागं सरकल्या. उंदराची बदनामी केल्याचा आरोप माझ्यावर एवढा एकदाच झाला.

आता हसू येतं, पण पोटऱ्या दाबायची ही सवय मला एका माणसाच्या जिवाच्या मोलानं लागली आहे, आणि ते सांगितल्याशिवाय पुढचं काही सांगणं बरोबर नाही.

महादेव नावाचा एक शेतकरी होता. भातलावणीचे दिवस. त्याच्या दारात गेलो तेव्हा तो घोंगडं पांघरून बसला होता. मी बोटातून रक्त घेतलं, तेव्हाच्या रिवाजाप्रमाणं मलेरियाच्या गोळ्या दिल्या. तो म्हणाला, "पायात लई गोळं येत्यात वो." मी म्हणालो, "दिवसभर चिखलात राबतोस, येणारच की." भिंतीवर तारीख लिहिली आणि पुढच्या घराकडं गेलो. पुढं त्याचे डोळे पिवळे पडले. घरच्यांनी त्याला गावातल्या तात्यांकडं नेऊन काविळीची माळ घातली. माळ असताना गोळी चालत नाही म्हणून होत्या त्या गोळ्याही बंद केल्या. नंतर शहरात हलवलं, पण तोवर लघवी बंद पडून दोन दिवस झाले होते. महादेव परत आला नाही. त्याच्या बायकोनं पुढं घर रंगवलं तेव्हा माझ्या तारखेभोवतीची जागा तशीच सोडली. ती मला कधी एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मी चिडलो ते तात्यांवर. स्वतःवर चिडण्यापेक्षा ते सोपं होतं.

तात्या म्हणजे त्याच गावचे एक शेतकरी. थोडा ऊस, थोडं भात, दोन म्हशी. दर रविवारी आणि गुरुवारी सकाळी त्यांच्या अंगणात काविळीची माणसं जमायची, पार दुसऱ्या तालुक्यातून. तात्या ओढ्याकाठच्या कुठल्याशा वेलीच्या ओल्या काड्या आणायचे, त्यांचे बोटाएवढे तुकडे करून पांढऱ्या दोऱ्यात गाठी मारत माळ करायचे आणि ती आजाऱ्याच्या डोक्यावर ठेवायचे. घालताना ती टोपीसारखी घट्ट बसायची. मग रोज थोडी थोडी वाढत गळ्यात यायची, छातीवर यायची, आणि बेंबीपर्यंत आली की कावीळ उतरली. तोवर मीठ नाही, तेल नाही, दवाखान्याची गोळी नाही. माळ मध्येच काढली तर कावीळ उलटते, असंही म्हणायचे. हे सगळं फुकट. तात्या आजाऱ्याकडून सुपारीचं खांडसुद्धा घ्यायचे नाहीत. उलट त्यांच्या बायको, आक्का, आलेल्या प्रत्येकाला चहा द्यायच्या आणि लांबून आलेल्यांना बिनमिठाची पेज.

मी अंगणात उभा राहून ओरडलो, "तुमच्या माळेनं माणूस मेला!" पंधरावीस माणसं बसलेली. तात्यांनी हातातली गाठ पुरी मारली आणि म्हणाले, "बस. आदी पानी पी." मी पाणी न पिता निघून आलो. आयुष्यात मी ज्या काही गोष्टी वाईट पद्धतीनं केल्या, त्यात ही वरच्या नंबरावर आहे. महादेवच्या पायात गोळे येत होते हे तात्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

महिन्याभरानं मी परत गेलो. पाणी प्यायलो, आक्कांचा चहाही घेतला आणि महादेव मला काय म्हणाला होता आणि मी त्याला काय म्हणालो होतो, हे तात्यांना सांगितलं. ते बराच वेळ काड्या निवडत राहिले. मग मी म्हणालो, "सगळी कावीळ एक नसते तात्या. माळ बांधायच्या आधी मला पोटऱ्या बघू द्या. दुखत असतील ती माणसं मला द्या. बाकीची तुमची."

तात्या म्हणाले, "म्हंजे पाय तुझं आणि डोस्कं माझं?"

"तसंच म्हणा."

"बस मग ऐतवारपास्नं."

असे आमचे रविवार सुरू झाले. माझी सुट्टी त्या अंगणात जायची. दारात पोतं टाकून मी बसायचो, येणाऱ्याची विचारपूस करायचो, पाय बघायचो. ज्याच्यावर शंका यायची त्याला तात्या स्वतः सांगायचे, "आदी ह्येच्यासंगट दवाखान्यात जा. माळ काय पळून जात न्हाय." त्यांच्या तोंडून आलं की माणसं निमूट ऐकायची. माझ्या पिशवीतल्या सगळ्या छापील कागदांना जे जमलं नाही, ते त्या एका वाक्यानं व्हायचं.

एक गोष्ट मात्र मी तात्यांपासून लपवून ठेवली. एकदा मी त्यांनी बांधलेली एक माळ मागून घरी आणली आणि खुंटीला टांगली. तीनचार दिवसांत ती दुपटीनं लांब झाली. ओल्या काड्या वाळून बारीक होतात, गाठी सैल पडतात, दोरा मोकळा होतो आणि माळ वाढते. खुंटीला काही कावीळ झाली नव्हती. बायको म्हणाली, "सांगून टाका त्यांना." मी नाही सांगितलं. सांगितलं असतं तर पोतं उचलून घरी यावं लागलं असतं. साधी कावीळ बहुतेकांची विश्रांतीनं आपोआप बरी होते, तिचं श्रेय माळ खुशाल घेवो, मला पोटऱ्या बघायला मिळतात ना, असा माझा हिशेब. तो बरोबर होता की चूक, हे निवृत्त झाल्यावरही मला ठरवता आलेलं नाही.

अशी बरीच वर्षं गेली. मग एका पावसाळ्यात, एका रविवारी, चहा आला नाही.

मी तात्यांकडं बघितलं. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "हिला जरा कणकण हाय." मी विचारलं, "कधीपासून?" मी उठून आत गेलो. आक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोळे लाल, त्यात पिवळी झाक, आणि डोक्यावर माळ. पाण्यानं भरलेल्या गोठ्यात ही बाई रोज अनवाणी शेण भरायची. टाचांना भेगा अशा की त्यात बोटाचं टोक मावावं. मी कितीदा सांगितलं होतं, गमबूट घाला. "म्हशी बुजत्यात भाऊ," म्हणायच्या. मी खाली बसलो आणि पोटरीला नुसता हात लावला. त्या किंचाळल्या. बाहेर अंगणातली कुजबुज थांबली.

"आक्का, लघवी?"

"कालच्या दुपारपास्नं न्हाय."

बाहेर येऊन तात्यांना म्हणालो, "आत्ता न्यायला पाहिजे. आत्ताच्या आत्ता."

तात्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "माळ घातलीया रं," ते म्हणाले. "परवा घातलीया. आता काढली तर उलटंल."

मी त्यांना सगळं सांगितलं, आवाज न चढवता. महादेवचं नाव घेतलं नाही, पण ते आमच्या दोघांच्या मध्ये उभंच होतं. "मला कळतंय," तात्या म्हणत होते, "मला समदं कळतंय, पर काढायला हात हुईना माझा." हे ढोंग नव्हतं. दुसऱ्यांच्या माणसांना माळ बांधताना जो विश्वास होता, तोच आता त्यांच्या स्वतःच्या माणसाच्या उरावर बसला होता.

आणि आतून आक्का म्हणाल्या, "न्हाय यायची मी. एवढी माणसं बसल्यात. तात्याच्या घरातलीच माळ काढून दवाखान्यात गेली म्हनतील. ह्यांची काय इज्जत ऱ्हाईल?"

आक्का जीव द्यायला निघाल्या होत्या तो नवऱ्याच्या अब्रूसाठी. मला रडूही येईना आणि रागही धड येईना. खुंटीवरच्या माळेची गोष्ट जिभेच्या टोकावर आली. पण त्या क्षणी ती सांगितली असती तर कुणी मानली नसती, आणि वेळ तेवढा गेला असता.

तात्या उठले आणि आत गेले. आक्कांच्या समोर बसून त्यांनी स्वतःची टोपी काढली, दोन्ही हातांनी ती माळ उचलली, अशी जपून की जणू भरलेली घागर, आणि मध्ये कुठंही न टेकवता स्वतःच्या डोक्यावर ठेवली.

"काढायची न्हाय म्हनत्यात," ते बाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले. "दुसऱ्यानं घेऊ न्हाय आसं कुनीबी सांगितल्यालं न्हाय. आजपास्नं पथ्य माझं. मुजावर, हिला ने. काय सुया टोचायच्या त्या टोच."

तात्यांची ही तोड पुढं त्या गावानं उचलली. आजाऱ्याच्या डोक्यावर तात्यांनी त्यानंतर कधीच माळ बांधली नाही. आजारी माणसाला ते माझ्याबरोबर पाठवायचे आणि माळ बांधायचे ती त्याच्या घरच्या कुणाच्या तरी डोक्यावर. माझ्याबरोबर निघालेल्या माणसांना मग दवाखान्याचं भय वाटेना. मागं घरी कुणीतरी त्यांच्यासाठी आळणी जेवतंय, एवढं त्यांना पुरायचं.

पण तेव्हा एवढं सुचायला फुरसत कुणाला होती! गाडी आली. केंद्रातल्या मॅडमनी पहिलं इंजेक्शन दिलं आणि आक्कांना कोल्हापूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात धाडलं. तिथं मूत्रपिंडाचं काम यंत्रावर घेतलं. मी रजा टाकली. तात्या व्हरांड्यात बाकावर बसून, डोक्यावर ती माळ. येणारेजाणारे बघायचे. एक सिस्टर म्हणाली, "आजोबा, पेशंट तुम्ही की त्या?" तात्या म्हणाले, "दोगंबी." माझ्या घरून डबा यायचा. बायको त्यांच्यासाठी वेगळी भाजी करायची, मिठाशिवाय, तेलाशिवाय.

माळ वाढत होती. दुसऱ्या दिवशी ती कपाळावरून सरकून गळ्यात आली, मग छातीवर. मी बघत होतो आणि तात्याही बघत होते. निरोगी माणसाच्या अंगावर माळ उतरताना त्यांनी आयुष्यात प्रथमच बघितली असणार. ते तिच्या वाळलेल्या काड्या बोटांनी चाचपायचे, गाठ सैल झालीय का बघायचे. मी मुद्दाम दुसरीकडं बघायचो.

पाचव्या दिवशी सकाळी सिस्टरनं बाहेर येऊन सांगितलं, लघवी सुरू झाली. मी आत जाऊन त्या पिशवीकडं बघत उभा राहिलो. कुणाची लघवी बघून एवढा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही. बाहेर येऊन तात्यांना सांगितलं तर ते खांद्यावरचा पंचा तोंडावर धरून रडले. मीही रडलो, लाजायचं काय त्यात.

थोड्या वेळानं तोंड पुसून ते म्हणाले, "मुजावर, मला कावीळ हाय व्हय रं?"

"नाही तात्या."

"मग ही कशी उतरली?"

मी सांगितलं. खुंटीचंही सांगितलं.

"लई वर्सं ठावं हुतं तुला?"

"हो."

"आणि बोलला न्हाईस."

"बोललो असतो तर तुम्ही मला बसू दिलं असतं का?"

तात्यांनी विचार केला. "न्हाय," म्हणाले. "हाकलला असता तुला." मला वाटलं, ह्या माणसाचं सगळं आयुष्य मी आत्ता त्याच्या हातून काढून घेतलं. ते मला शिवी देतील असं वाटत होतं. ते एवढंच म्हणाले, "म्हादूच्या घरला जायला पायजे रं एकदा. दोगांनीबी." आम्ही पुढं गेलो, ती गोष्ट निराळी.

आत गेलो तेव्हा आक्का जाग्या होत्या. चेहरा सुकलेला, पण डोळ्यांत ओळख आली होती. त्यांनी पहिल्यांदा माळेकडं बघितलं. ती तात्यांच्या पोटापर्यंत आली होती.

"उतरली की वो!" त्या पुटपुटल्या. मग शेजारच्या खाटेवरच्या बाईला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आमच्या ह्यांची माळ हाय. हिच्यानंच वाचले मी. समद्या गावाला सांगनार."

मी खाली मान घातली. तात्यांनी नुसतं "व्हय" म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी तर कुणाला काही सांगणार नव्हतो.

"न्हाय गं," तात्या म्हणाले. "सुया-गोळ्यांनी वाचलीस तू. मी आपला नुसता आळणी खाऊन बसलो हुतो."

शेजारची बाई बघतच राहिली. मग सलाईन नसलेला हात आक्कांनी उचलला आणि तात्यांच्या गळ्यातली माळ हळूच काढून घेतली.

"जावा," त्या म्हणाल्या, "आदी मीठ घालून चार घास खाऊन या."